प्रवासाच्या वाक्यांतून इंग्रजी वाक्यरचना: क्रियापद कुठे बसवायचं आणि का

तिकीट, प्लॅटफॉर्म, लगेज, लेट, कन्फर्म, वेटिंग, चार्ट, सीट, बुकिंग, चेक-इन. मराठी माध्यमात शिकलेल्या आणि इंग्रजी बोलायला कचरणाऱ्या माणसालाही प्रवासाचे असे शंभरेक इंग्रजी शब्द येतातच. अडतं ते शब्द एकापुढे एक लावताना. म्हणून वाक्यरचना शिकायला प्रवास हा विषय फार सोयीचा आहे. शब्द आधीच ओळखीचे असतात, प्रसंग डोळ्यांपुढे असतो आणि सगळं लक्ष क्रमाकडे देता येतं.

या मार्गदर्शकातली इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत दिली आहेत. ती आधी कानाला आणि जिभेला ओळखीची होऊ द्या. स्पेलिंग नंतर वहीत लिहून काढा.

मराठीत प्रत्यय बोलतो, इंग्रजीत जागा

हे वाक्य बघा: "टीसीने प्रवाशाला थांबवलं." आता शब्द हलवू: "प्रवाशाला टीसीने थांबवलं." भर थोडा बदलला, अर्थ तोच राहिला. "ने" आणि "ला" हे प्रत्यय शब्दांना चिकटलेले असल्यामुळे थांबवणारा कोण आणि थांबणारा कोण हे कुठल्याही क्रमात कळतं.

इंग्रजीत नामांना असे प्रत्यय नाहीत. "द टीसी स्टॉप्ड द पॅसेंजर" म्हणजे टीसीने प्रवाशाला थांबवलं. "द पॅसेंजर स्टॉप्ड द टीसी" म्हणजे प्रवाशाने टीसीला थांबवलं. शब्द तेच आहेत, फक्त जागा बदलल्या आणि अर्थ उलटा झाला. मराठी वाक्य जनरल डब्यासारखं आहे, कुणी कुठेही बसलं तरी चालतं. इंग्रजी वाक्य आरक्षित डब्यासारखं आहे, ज्याची त्याची सीट ठरलेली. पुढचे जवळजवळ सगळे नियम याच एका गोष्टीतून निघतात. त्यामुळे पाठांतराला बसण्याआधी ती नीट समजून घ्या.

पहिला शब्द जागेवर ठेवा, बाकीचं मागून वाचा

साध्या मराठी वाक्याचा नेहमीचा क्रम असा असतो: कोण, केव्हा, कुठे, काय, क्रिया.

मी / सोमवारी / स्टेशनवर / तिकीट / काढलं.

इंग्रजीचा क्रम: कोण, क्रिया, काय, कुठे, केव्हा.

"आय / बॉट / अ टिकेट / ॲट द स्टेशन / ऑन मंडे."

दोन्ही ओळी शेजारी ठेवून बघा. "मी" जागेवरच आहे आणि उरलेलं वाक्य शेवटाकडून सुरुवातीकडे आलं आहे. नवशिक्याला याहून उपयोगी युक्ती सापडणं कठीण. गंमत म्हणजे तुकड्यांच्या आतही हीच उलटापालट होते. "स्टेशनवर" यात "वर" शेवटी आहे, तर इंग्रजीत "ॲट" आधी येतं. "तिकीट खिडकीच्या समोर" याचं "इन फ्रंट ऑफ द टिकेट विंडो" होतं. "काल काढलेलं तिकीट" हे "द टिकेट आय बॉट येस्टरडे" होतं.

ही युक्ती तीन ठिकाणी चालत नाही, ती आधीच माहीत असलेली बरी. विशेषण उलटत नाही: "मोठी बॅग" म्हणजे "अ बिग बॅग". मालकी उलटत नाही: "माझ्या भावाची बॅग" म्हणजे "माय ब्रदर्स बॅग". आणि "पुण्याहून मुंबईला" ही जोडी त्याच क्रमाने राहते: "फ्रॉम पुणे टू मुंबई".

सरावासाठी जुन्या लग्नपत्रिका घ्या. कागद जाड असतो आणि एक बाजू बहुधा कोरी मिळते. 30 चिठ्ठ्या कापा आणि सहा-सहाचे पाच गठ्ठे करा:

- कोण: आय, वी, यू, दे, माय ब्रदर, द गाइड
- क्रिया: बाय, बुक, कॅरी, चेक, नीड, कीप
- काय: द टिकेट्स, द बॅग, वॉटर, द फूड, द मॅप, अ टॅक्सी
- कुठे: ॲट द स्टेशन, इन द ट्रेन, ॲट द हॉटेल, ऑन द प्लॅटफॉर्म, निअर द गेट, ऑन द बस
- केव्हा: एव्हरी डे, इन द मॉर्निंग, ॲट नाइट, ऑन संडे, ॲट सिक्स ओ'क्लॉक, आफ्टर लंच

एक चिठ्ठी जास्तीची करा, तिच्यावर लाल शाईने "स" लिहा.

पहिले तीन दिवस फक्त पहिले तीन गठ्ठे वापरा. प्रत्येकातून एक चिठ्ठी उचला, टेबलावर डावीकडून उजवीकडे मांडा आणि मोठ्याने वाचा: "वी कॅरी वॉटर." "कोण" मध्ये एकच माणूस किंवा वस्तू आली आणि ती आय किंवा यू नसेल, तर लाल "स" क्रियेच्या मागे ठेवा: "माय ब्रदर कॅरीज वॉटर." त्याचा उच्चार कधी "स" (स्टॉप्स), कधी "ज" (कॅरीज) होतो, त्यावर अडून राहू नका. चौथ्या दिवशी "कुठे" जोडा, सहाव्या दिवशी "केव्हा". काही वाक्यं हास्यास्पद होतील, जसं "दे बुक वॉटर निअर द गेट". ती बाजूला काढा. वाक्याला अर्थ आहे की नाही हे ठरवायला ते समजावं लागतं, म्हणजे तोही सरावच झाला. रोज 20 वाक्यं पुरेत.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे "स" विसरणं. मराठीत "जातो, जाते, जातात" असं क्रियापद सतत बदलत असतं, तरी इंग्रजीतला हा एकच छोटा "स" जिभेवरून निसटतो, कारण इंग्रजीत बाकी कुठे बदलच नसतो. दुसरी म्हणजे नामाला आणि क्रियेला दोन्हीकडे "स" लावणं. "द ट्रेन लीव्ह्ज" बरोबर, "द ट्रेन्स लीव्ह" बरोबर. साधारणपणे "स" दोघांपैकी एकाकडेच असतो.

"आहे" या शब्दाचे चार चेहरे

मराठी माणसाच्या इंग्रजीतल्या बऱ्याच चुका एकट्या "आहे" पाशी येऊन मिळतात. मराठीत हा शब्द अनेक कामं करतो, इंग्रजीत ती कामं वेगवेगळ्या शब्दांना वाटून दिलेली आहेत.

गाडी लेट आहे: "द ट्रेन इज लेट." इथे गाडी कशी आहे ते सांगितलं. एखादी गोष्ट कशी आहे किंवा कुठे आहे हे सांगताना ॲम, इज, आर.

माझ्याकडे दोन बॅगा आहेत: "आय हॅव टू बॅग्ज." वाक्यात "कडे", "जवळ" किंवा मालकीचा "ला" असेल (मला दोन मुलं आहेत, तिला ताप आहे) तर हॅव किंवा हॅज. "माय साइड टू बॅग्ज आर" असं शब्दाला शब्द लावलेलं वाक्य ऐकणाऱ्याला कळतच नाही.

वेरूळला 34 लेणी आहेत: "देअर आर थर्टी-फोर केव्ह्ज ॲट एलोरा." मराठी वाक्य जागेने सुरू होऊन तिथे काय आहे ते पहिल्यांदा सांगत असेल तर "देअर इज" किंवा "देअर आर". (जाता जाता: वेरूळला इंग्रजीत एलोरा म्हणतात आणि घारापुरीला एलिफंटा. परदेशी पाहुण्याला मराठी नाव सांगितलं तर तो ओळखत नाही.)

बाहेर उकडतंय: "इट इज हॉट आउटसाइड." इथे मराठीला कर्ता लागतच नाही. उकडतंय म्हटलं की झालं. इंग्रजीत कर्त्याची सीट रिकामी ठेवता येत नाही, म्हणून "इट" ला नुसतं बसवायचं. हवामान, वेळ, अंतर आणि लागणारा वेळ, सगळीकडे हेच: "इट इज रेनिंग." "इट इज सेव्हन फिफ्टीन." "इट टेक्स थ्री अवर्स टू रीच मुंबई." यातलं शेवटचं वाक्य जसंच्या तसं पाठ करा आणि फक्त तास व गाव बदलत जा. प्रवासात "किती वेळ लागतो" याला पर्याय नाही.

आता उलट बाजूची चूक: "आय ॲम टेक द बस." शाळेत "आय ॲम" एकत्र घोकल्यामुळे "आय" म्हटलं की "ॲम" आपोआप बाहेर पडतं. एका साध्या वाक्यात मुख्य सीटवर एकच क्रियापद बसतं. एक तर "आय टेक द बस" (मी बसने जातो, नेहमी) किंवा "आय ॲम टेकिंग द बस" (आत्ता जातोय, किंवा जायचं ठरलंय). ॲम नंतर क्रिया आली तर या प्रकारच्या वाक्यात तिला "इंग" हवंच.

"मला" चं भाषांतरही जपून करा. मराठीत अनुभव माणसाला "लागतो, होतो, हवा असतो", म्हणून "मला" येतं. इंग्रजीत त्या सीटवर "आय" बसतो.

- मला तिकीट हवंय: "आय नीड अ टिकेट."
- मला भूक लागली: "आय ॲम हंग्री."
- मला गाडी लागते: "आय गेट कारसिक."
- मला थंडी वाजतेय: "आय ॲम कोल्ड."
- मला कळलं नाही: "आय डिडंट अंडरस्टँड."

एका प्रत्ययाचे अनेक शब्द

"ला" म्हणजे "टू" हे समीकरण डोक्यातून काढून टाका. मुंबईला जातो: "टू मुंबई". मुंबईला राहतो: "इन मुंबई". सहाला निघतो: "ॲट सिक्स". दादरला थांबते: "ॲट दादर". भावाला सांगितलं: "आय टोल्ड माय ब्रदर", इथे तर काहीच नाही. म्हणून प्रत्ययाचं भाषांतर करायचं नाही. आधी विचारायचं: हे जाण्याचं ठिकाण आहे, असण्याचं ठिकाण आहे की वेळ आहे?

वेळेचे तीन शब्द लवकर बसतात. घड्याळाची वेळ: ॲट (ॲट सेव्हन फिफ्टीन). वार आणि तारीख: ऑन (ऑन मंडे, ऑन फर्स्ट मे). महिना, वर्ष, ऋतू: इन (इन मे, इन 1998, इन द मॉन्सून). घड्याळाकडून वर्षाकडे जाताना काळ मोठा होत जातो, ते लक्षात ठेवा. सकाळ, दुपार, संध्याकाळ यांनाही "इन द", पण रात्रीला "ॲट नाइट". आणि टुडे, टुमॉरो, येस्टरडे, नेक्स्ट, लास्ट, एव्हरी यांच्या आधी यातलं काहीही येत नाही. "ऑन टुमॉरो" किंवा "इन लास्ट वीक" ऐकलं की समजावं, मराठी "गेल्या आठवड्यात" मधला "त" सोबत आला.

वाहनांचा नियम तर्काने कळतो. ज्या वाहनात उभं राहून चालता येतं ती "ऑन": बस, ट्रेन, विमान, एलिफंटाला जाणारी मोठी लाँच. चढायचं ते "गेट ऑन", उतरायचं ते "गेट ऑफ". ज्यात वाकून थेट बसावं लागतं ती "इन": कार, टॅक्सी, रिक्षा. तिथे "गेट इन" आणि "गेट आउट". ट्रेनच्या बाबतीत "इन द ट्रेन" ही चालतं, विशेषतः डब्याच्या आतल्या गोष्टीबद्दल बोलताना. पण उतरताना "गेट ऑफ द ट्रेन" च. मराठीत आपण सगळ्यातून "उतरतो", म्हणून हा फरक वेगळा पाठ करावा लागतो. साधन सांगताना "बाय": बाय बस, बाय ट्रेन. पायी जाणं मात्र "ऑन फुट". आणि आपली स्वतःची गाडी असेल तर "इन अवर कार". "बाय अवर कार" नाही, कारण "बाय" नंतर साधनाचं नुसतं नाव येतं.

पोहोचणे: "वी रीच्ड मुंबई." "रीच्ड टू मुंबई" ही "मुंबईला" मधल्या "ला" ची सावली आहे. "रीच" च्या पोटात तो "ला" आधीच आहे.

प्रश्न: इंजिन पुढे जोडायचं

यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. प्रवासात माणूस माहिती देतो कमी आणि विचारतो जास्त.

मराठीत प्रश्न करायला वाक्य हलवावं लागत नाही. शेवटी "का" लावलं की झालं: "ही गाडी दादरला थांबते का?" नुसता सूर चढवूनही भागतं. त्या सवयीने "दिस ट्रेन स्टॉप्स ॲट दादर?" असं विचारलं जातं. गर्दीत ते निभावतं, पण रचना शिकायची असेल तर तीन पायऱ्यांनी जा.

एक, साधं वाक्य म्हणा: "दिस ट्रेन स्टॉप्स ॲट दादर."

दोन, क्रियेचा "स" काढा आणि "डू" ला द्या. "डू" चं "डझ" होईल, क्रिया उरेल "स्टॉप".

तीन, "डझ" वाक्याच्या पुढे जोडा: "डझ दिस ट्रेन स्टॉप ॲट दादर?"

चिठ्ठ्यांच्या खेळातला लाल "स" इथे हाताने सरकवून दाखवा. तो एकच आहे, क्रियेकडून निघाला आणि पुढे गेला. म्हणून "डझ दिस ट्रेन स्टॉप्स" चुकीचं. भूतकाळातही हेच. "द बस स्टॉप्ड" मधला भूतकाळ "डिड" मध्ये जातो आणि "डिड द बस स्टॉप?" उरतं. "डिड यू वेंट" का चुकतं, तेही यावरून कळेल: भूतकाळ दोनदा लावला गेला.

वाक्यात ॲम, इज, आर, वॉज, कॅन, विल यांपैकी काही आधीच असेल तर "डू" आणायचं कारण नाही. तोच शब्द कर्त्याच्या आधी आणा: "द ट्रेन इज लेट" वरून "इज द ट्रेन लेट?"

कुठे, केव्हा, किती, कसं हे शब्द लागले तर ते त्याच्याही पुढे. म्हणजे गाडी अशी: प्रश्नशब्द, मदतनीस (डू, डझ, डिड, इज, कॅन असे शब्द), कर्ता, क्रिया.

- "व्हेअर डझ दिस बस स्टॉप?"
- "व्हेन डझ द नेक्स्ट बोट लीव्ह?"
- "हाउ लाँग डझ इट टेक?"
- "हाउ मच इज द टिकेट?"

एक अपवाद. प्रश्नशब्द स्वतःच कर्ता असेल तर मदतनीस लागत नाही: "विच ट्रेन गोज टू चर्चगेट?" इथे "विच ट्रेन" च जाणारी आहे.

आता सौजन्याबद्दल. मराठीत "सांग" आणि "सांगा" यांत आदर क्रियापदातच असतो, वर "जरा सांगता का" मधला "जरा" असतोच. इंग्रजीत लहान-मोठ्या सगळ्यांना एकच "यू". नुसतं "टेल मी द वे" म्हटलं तर ते "रस्ता सांग" इतकं तोडून लागतं. आपल्या "जरा" चं काम तिथे "कुड यू" आणि "प्लीज" करतात: "कुड यू टेल मी व्हेअर द टिकेट काउंटर इज?" या वाक्याच्या शेवटाकडे नीट बघा. "व्हेअर इज द काउंटर" हा थेट प्रश्न आता मोठ्या वाक्याच्या पोटात गेला आहे, म्हणून क्रम पुन्हा साधा झाला: "व्हेअर द काउंटर इज". प्रश्नाची उलटापालट एकदाच होते आणि ती "कुड यू" ने आधीच करून टाकली आहे.

नकार, आणि "हो" चा घोळ

मराठीत "नाही" शेवटी, इंग्रजीत नकार मदतनिसाला चिकटून: "द ट्रेन डझंट स्टॉप हिअर." "आय ॲम नॉट गोइंग." "यू कान्ट टेक अ कार इनटू माथेरान" (माथेरानला मोटारगाड्यांना बंदी आहे, त्या दस्तुरी नाक्याला ठेवाव्या लागतात). प्रश्नासारखंच इथेही "डझंट" आल्यावर क्रियेचा "स" गळतो.

घोळ होतो तो उत्तरात. हॉटेलात कुणी विचारलं, "डिडंट यू बुक अ रूम?" आणि खोली आरक्षित केलेली नाही. मराठीत आपण "हो, नाही केली" असं म्हणू शकतो, कारण आपलं "हो" समोरच्याच्या अंदाजाला असतं. इंग्रजीत "यस" चा अर्थ एकच, खोली घेतली आहे. नसेल तर "नो, आय डिडंट" म्हणायचं, प्रश्न होकारार्थी असो वा नकारार्थी. नुसत्या यस-नो वर न थांबता मदतनीसही जोडायची सवय लावा: "यस, आय डिड", "नो, आय डिडंट". गैरसमजाला जागा राहत नाही.

काळ: सुरुवातीला तीनच

वेळापत्रकाला साधा वर्तमान: "द डेक्कन क्वीन लीव्ह्ज पुणे ॲट सेव्हन फिफ्टीन." उद्याची गाडी असली तरी "विल" लागत नाही, कारण ती रोज सुटते. आपल्या बेताला "गोइंग टू": "वी आर गोइंग टू सी द केव्ह्ज." घडून गेलेल्याला साधा भूतकाळ: "द डेक्कन क्वीन स्टार्टेड इन 1930."

भूतकाळात मराठी माणसाला एक सूट मिळते, तिचा आनंद घ्या. मराठीत "मी डबा आणला, मी बॅग आणली, मी तिकीट आणलं, मी बॅगा आणल्या" असं क्रियापद आणलेल्या वस्तूप्रमाणे बदलतं. इंग्रजीत सगळीकडे "आय ब्रॉट". तो, ती, ते, आम्ही, कुणीही असो, "ब्रॉट" च. वर्तमानातला "स" ही इथे नाही. फक्त बेशिस्त क्रियापदांची, म्हणजे ज्यांचा भूतकाळ नुसता "एड" लावून होत नाही त्यांची, रूपं पाठ हवीत. प्रवासाला ही पंधरा पुरतात: वेंट, केम, टुक, बॉट, ब्रॉट, सॉ, एट, गॉट, लेफ्ट, मेट, पेड, लॉस्ट, फाउंड, स्लेप्ट, टोल्ड.

"मी कालच तिकीट काढलं आहे" हे मराठीत चालतं, पण "आय हॅव बॉट द टिकेट येस्टरडे" चालत नाही. "काल" सारखी ठरलेली, संपून गेलेली वेळ आली की "हॅव" काढून टाका.

"अ" आणि "द" वर या टप्प्यात फार वेळ घालवू नका. पहिल्यांदा उल्लेख असेल तर "अ टिकेट", कोणतं तिकीट ते दोघांना ठाऊक असेल तर "द टिकेट". गावाच्या नावाआधी काही नाही, पण गाडीच्या नावाआधी "द": द डेक्कन क्वीन, द कोकण कन्या.

झालेल्या प्रवासावर सराव

काल्पनिक प्रवासापेक्षा झालेला प्रवास घ्या, कारण मग काय बोलायचं याचा विचार करावा लागत नाही. जुनं तिकीट किंवा फोनमधले पाच फोटो पुढे ठेवा. प्रत्येक फोटोवर तीन ओळी लिहा. पहिली ओळ मराठीत, जशी सहज सुचेल तशी. दुसऱ्या ओळीत त्याच मराठी वाक्याचे उभ्या रेघा मारून तुकडे करा आणि पहिला तुकडा ठेवून बाकीचे मागून लिहा. तिसऱ्या ओळीत इंग्रजी. मधली ओळ गाळायचा मोह होईल. पहिले दोन आठवडे ती गाळू नका, क्रम तिथेच बसतो.

मग पाठ न करता, फक्त फोटोकडे बघून, ती पाच वाक्यं फोनवर रेकॉर्ड करा. दुसऱ्या दिवशी ऐका आणि एकाच प्रकारची चूक शोधा: आज फक्त "स", उद्या फक्त "इट". सगळ्या चुका एकदम पकडायला गेलं की तोंड बंद होतं. एवढ्याला रोज 20 मिनिटं लागतात. घरात कुणी सोबत करणार असेल तर एकाने चौकशी खिडकीवर बसावं, दुसऱ्याने विचारावं आणि पाच प्रश्नांनंतर जागा बदलाव्यात. बसणाऱ्याने पूर्ण वाक्यातच उत्तर द्यायचं.

अजिंठा-वेरूळच्या सहलीवर हे आठ करून बघा. उत्तरं खाली आहेत, आधी झाकून ठेवा.

1. अजिंठा सोमवारी बंद असतं.
2. वेरूळ मंगळवारी बंद असतं का?
3. आम्ही बुधवारी वेरूळला जाणार आहोत.
4. लेण्यांपर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो?
5. कैलास मंदिर 16 व्या लेण्यात आहे.
6. त्यांनी ते वरून खाली कोरलं.
7. एका ब्रिटिश अधिकाऱ्याने 1819 मध्ये अजिंठ्याची लेणी पाहिली.
8. इथे फ्लॅश वापरता येत नाही.

उत्तरं:

1. "अजंता इज क्लोज्ड ऑन मंडेज." दर सोमवारी म्हणून "मंडेज".
2. "इज एलोरा क्लोज्ड ऑन ट्यूजडेज?" "इज" आहे, म्हणून "डझ" नको. (उत्तर: "यस, इट इज." सहल आखताना हे दोन वार खरोखरच सांभाळा.)
3. "वी आर गोइंग टू एलोरा ऑन वेनझ्डे." इथे "टू" जागेचा आहे, "गोइंग टू गो टू" म्हटलं तरी बरोबर.
4. "हाउ लाँग डझ इट टेक टू रीच द केव्ह्ज?" "रीच" नंतर दुसरा "टू" नाही.
5. "द कैलास टेम्पल इज इन केव्ह सिक्स्टीन." किंवा "इज केव्ह सिक्स्टीन", कारण ते अख्खं लेणं म्हणजेच मंदिर. "देअर इज" इथे नको, मंदिर आधीच ओळखीचं आहे आणि ते कुठे आहे एवढंच सांगायचं आहे.
6. "दे कार्व्हड इट फ्रॉम द टॉप डाउन." मराठीतलं "ते" क्रियेच्या आधी होतं, इंग्रजीत "इट" क्रियेच्या लगेच मागे. बहुतेकांचं वाक्य इथे चुकतं.
7. "अ ब्रिटिश ऑफिसर सॉ द अजंता केव्ह्ज इन 1819." मोठं वाक्य आहे, पण क्रम तोच: कोण, क्रिया, काय, केव्हा.
8. "यू कान्ट यूज फ्लॅश हिअर." मराठीत कर्ताच नाही. इंग्रजीत रिकामी सीट भरायला "यू" आला आणि तो कुणा एकाला उद्देशून नाही.

सहावं आणि आठवं चुकलं असेल तर चिठ्ठ्यांवर परत जा. एक "इट" ची आणि एक "कान्ट" ची नवी चिठ्ठी करा आणि त्याच गठ्ठ्यांतून आणखी 20 वाक्यं मांडा. दुसरं चुकलं असेल तर "इज" कर्त्याच्या आधी आणून बघा. चौथं चुकलं असेल तर लाल "स" हातात घेऊन प्रश्नाच्या तीन पायऱ्या पुन्हा करा, या वेळी तोंडाने न बोलता फक्त चिठ्ठ्या सरकवून.